चंद्रीचं दावं

"घे शपथ," असं कुणी म्हटलं की तो आपले दोन्ही हात पाठीमागे न्यायचा. चोरलेला पेरू लपवणाऱ्या पोरासारखे. मग मान थोडी खाली घालून म्हणायचा, "होय तर होय, पाटील. नाही तर नाही. त्याच्यापुढं माझ्यापाशी काही नाही."

आता तुम्हीच सांगा, असल्या माणसावर कोण विश्वास ठेवील? ज्याच्या पोटात पाप नाही तो बेधडक आईची शपथ घेतो, पोराच्या डोक्यावर हात ठेवतो, गावदेवीपुढचा भंडारा उचलतो. आमच्याकडे बाजारात कोंबडी विकतानासुद्धा दोघं दोन शपथा घेत. आणि हा बाबा हात मागे करून उभा. मला तर पहिल्या दिवसापासून तो माणूस खटकला.

मी गावचा पोलीस पाटील. संशय घेणं हे माझं कामच, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला. गावाच्या टोकाला सरकारी कोंडवाडा होता. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या शेतात तोंड घालताना सापडलं की ते आणून तिथं कोंडायचं आणि मालकानं दंड भरून सोडवून न्यायचं, अशी रीत. कोंडवाड्यावर देखरेख माझी. आधीचा राखणदार गुरं उपाशी ठेवायचा आणि दुभत्या गाईंचं दूध काढून प्यायचा. त्याच्यावर आमचा पूर्ण विश्वास होता, कारण तो काय करतो हे सगळ्यांना माहीत होतं. तो वारला आणि तालुक्याहून हा आला.

नगरकडचा माणूस. उंच, खांद्यात वाकलेला, अंगात कोपरांना ठिगळं लावलेला खाकी कोट आणि हातात पत्र्याची पेटी. मी त्याला ओट्याखालीच थांबवलं आणि पेटी उघडायला लावली. दोन धोतरं, पितळी पेला, कांबळं आणि काळ्या पुठ्ठ्याचं एक जाड पुस्तक.

"हे काय?"

"माझं शास्त्र."

"ख्रिस्ताव का?"

"होय."

"आणि त्याच्या आधी कोण?"

"महार."

लोक हे असं सांगत नाहीत. आडवळणं घेतात, गाव सांगतात, आजोबा पलटणीत होते म्हणून सांगतात. यानं नाव सांगावं तसं सांगून टाकलं. मी म्हटलं, "हे बघ, इथं माणसं बाटवायला आला असशील तर आत्ताच पेटी उचल."

"गुरं राखायला आलोय, पाटील."

सगळे असंच म्हणतात, असं मी मनात म्हटलं आणि त्याला कोंडवाड्याशेजारची झोपडी दाखवली.

गावानं त्याच्यावर डोळा ठेवला. करमणूक दुसरी होती कुठे? जेवायच्या आधी तो भाकरी पुढ्यात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि ओठांत काहीतरी पुटपुटायचा. मंत्र मारतो, असं बायका म्हणाल्या. हे गावातल्या एका लंगड्या कुत्र्याच्या चांगलंच ध्यानात आलं. यानं डोळे मिटले की ते यायचं आणि भाकरी घेऊन निघून जायचं. एकदा मी स्वतः पाहिलं. यानं डोळे उघडले, रिकामी थाळी पाहिली आणि राहिलेलं मीठ बोटानं चाटून उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन भाकऱ्या केल्या. एक बाजूला ठेवली आणि मग डोळे मिटले. मी म्हटलं, "अरे शहाण्या, डोळे उघडे ठेवून प्रार्थना कर." तो म्हणाला, "मग सगळं ध्यान कुत्र्याकडंच राहील, पाटील."

गुरांची तऱ्हा त्याहून निराळी. कोंडवाड्यातलं जनावर म्हणजे गुन्हेगार जनावर, त्याला वाळका पेंढा पुरे, असा आमचा समज. हा ओढ्याकाठचं हिरवं गवत कापून आणायचा, खुंट साफ ठेवायचा, गोचिड्या काढायचा. दावीसुद्धा स्वतः वळायचा, अंबाडीची, मऊ. गळ्याला काचू नयेत म्हणून. झालं काय, की मालक जनावर सोडवायला आले तरी गुरं निघायला तयार होईनात. हरीतात्यांची चंद्री तर आपल्या पायानं कोंडवाड्याच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. चंद्री म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेली तांबडी गाय. हरीतात्यांचा तिच्यावर पोटच्या पोरीइतका जीव. ते गावातलं मोठं प्रस्थ. ते मला म्हणाले, "पाटील, ह्या ख्रिस्तावानं माज्या गाईला काय घातलाय ते बघा. ख्रिस्ताव गाई खातात. लाडीगोडी उगाच नसते."

मला ते पटलं. मी एका रविवारी कारवीच्या कुडामागे लपून बसलो. हा मोहाच्या झाडाखाली बसलेला, मांडीवर ते पुस्तक, आणि गात होता. बेसूर. कान देऊन ऐकलं तर मराठीतलंच गाणं, देवा तू माझा मेंढपाळ असं काहीतरी. गुरं रवंथ करत होती. मला मुंग्या चावल्या, बाकी हाती काही लागलं नाही.

आता आमच्या आईविषयी सांगायला हवं. मी पाटील गावाचा, पण घरात पाटिलकी तिची. अंगानं वीतभर, जीभ हातभर. परसातला वालाचा मळा तिचा जीव की प्राण. कुणाला चिमूटभर मीठ उसनं द्यायचं तर ती आधी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची. कोंडवाडेवाला रोज दिवस मावळायच्या आधी अंगणात येऊन मला सांगायचा, आज अमक्याचं जनावर आलं, तमक्याचं सुटलं. आणि निघताना म्हणायचा, "जातो."

आईला ते सहन होईना. "अरे मेल्या, दारातून निघताना जातो बोलू नये. येतो बोलावा. एवढा पन कुणी शिकवला नाय काय तुला?"

"उद्याचं मला काय ठाऊक, माय? आलो तर आलो."

"तरी येतो बोलाचा."

"बोलून आलो नाही तर?"

"तर मग नाय आलास! त्यात काय मोठासा?"

तो हसायचा आणि म्हणायचा, "जातो, माय." आई त्याच्या पाठीवर दोन शिव्या घालायची. हे रोजचं झालं. एखाद्या दिवशी तो आला नाही तर आई विचारायची, आज तो अवलक्षणी कुठे उलथला? माझ्या मनात लगेच आलं, हा म्हातारीला घोळात घेतोय.

त्यातच शहापूरच्या कचेरीत एक खटला झाला. माझ्या गड्यानं, धर्मानं, आमच्या शेतात घुसलेली एका शेजाऱ्याची म्हैस पकडून कोंडवाड्यात दिली होती. शेजारी म्हणे, म्हैस घुसलीच नाही. साक्षीला कोंडवाडेवाला. कारकुनानं त्याच्यापुढं बायबल धरलं. हा हात मागे घेऊन उभा. साहेब म्हणाले, "अरे, हा तर तुझाच ग्रंथ." तो म्हणाला, "होय साहेब. त्यातच लिहिलंय, शपथ वाहू नका." कचेरीत हशा पिकला. शेवटी साहेबांनी नुसतं खरं बोलेन असं म्हणवून घेतलं. कायद्यात तशी सोय आहे म्हणे.

"म्हैस शेतात पाहिलीस?"

"होय."

मी मिशीवरून हात फिरवला.

"आणखी काही पाहिलंस?"

"होय. पाटलांचा रेडाही शेजाऱ्यांच्या शेतात होता."

परतीच्या वाटेवर मी त्याच्या चार पावलं पुढं चालत राहिलो. अरे, तुला रेड्याचं कुणी विचारलं होतं? पण मी रागावलोय हे त्याच्या गावीही नव्हतं. वाटेत करवंदं तोडून त्यानं पानावर माझ्यापुढं केली. मी घेतली नाहीत. हा माणूस मुद्दाम माझी नाचक्की करतो, की खरंच इतका भोळा आहे, हे मला कळेना. आणि मला कळत नाही तो माणूस मला नको असतो.

पुढच्या थंडीत ते घडलं.

वाल शेंगांवर आले होते. एका दुपारी धर्मा चंद्रीला हाकत कोंडवाड्यावर घेऊन गेला. आईच्या मळ्यात शिरली होती म्हणे. गाय गाभण. संध्याकाळी कोंडवाडेवाला आमच्या परसदारी आला आणि हळद मागू लागला. गाईच्या बरगडीखाली सूज आहे, लेप लावायचा आहे, म्हणाला. मी मागच्या ओट्यावरून पाहत होतो. आई आत गेली आणि वाडगाभर हळद घेऊन आली. वाडगाभर! वर तेलही दिलं. एक शब्द बोलली नाही, शिवी घातली नाही. तोही वाडगा घेऊन क्षणभर उभा राहिला, "जातो, माय," म्हणाला आणि गेला. आईनं येतो म्हण असंही सांगितलं नाही. मला ते विचित्र वाटलं, पण बायकांना गाभण गाईची कणव असते म्हणून मी सोडून दिलं.

सकाळी चंद्री खुंटाला बांधलेली मरून पडली होती. गळ्यात दावं तसंच.

हरीतात्या आले आणि जमिनीवर बसून लहान पोरासारखे रडले. गाव गोळा झालं. बरगडीखाली गोल काळानिळा वळ होता, त्यावर हळद थापलेली. गाभण गाय कुणीतरी मारली. आमच्याकडे गोहत्या म्हणजे माणूस मारण्याहून वाईट. आणि गाय ज्याच्या ताब्यात होती तो ख्रिस्ताव. तरण्या पोरांनी काठ्या आणल्या होत्या. मी मध्ये पडलो नसतो तर त्याच जागी त्याचा निकाल लागला असता.

गावदेवीपुढं बैठक बसली. आधी धर्माला उभं केलं, कारण गाय त्यानं हाकत आणली होती. धर्मानं भंडारा उचलला आणि म्हणाला, "म्या चंद्रीच्या अंगाला हात पन लावला नाय. लावला आसल तर देवी माजा वंस बुडवो." धर्मा सुटला. मग कोंडवाडेवाला.

मी विचारलं, "गाय तू मारलीस?"

"नाही."

"हा वळ कसला?"

"आणली तेव्हाच होता."

"कुणी मारलं ते पाहिलंस?"

"नाही, पाहिलं नाही."

हरीतात्या म्हणाले, "मग उचल भंडारा आन् मोकळा हो. आमी मानू."

बघा, एका चिमटीचं काम होतं. चिमूटभर भंडारा उचलला असता तर झोपडी राहिली असती, नोकरी राहिली असती, पोरांनी काठ्या टाकल्या असत्या. आणि त्यानं हात पाठीमागे नेले.

"मी मारली नाही, तात्या. नाही तर नाही."

"मग उचल की!"

"उचलणार नाही."

लोक खवळले. त्याच वेळी पुजारी म्हणून काम पाहणाऱ्या म्हाताऱ्या गुरवानं तोड काढली. तो म्हणाला, मारली कुणी ते देवीला ठाऊक. पण गाय दाव्याला बांधलेली मेली, तर पाप दावं बांधणाऱ्याला लागतं, ही जुनी रीत. त्यानं ते दावं स्वतःच्या गळ्यात घालायचं, तोंडानं बोलायचं नाही, आसपासच्या गावांतून दारोदार फिरून भिक्षा मागायची, मिळेल ते धान्य गुरांना घालायचं. हे करील तर राहील, नाहीतर आजच गाव सोडील.

मला ही तोड फार आवडली. ख्रिस्ताव माणूस आमच्या रीतीचं प्रायश्चित्त घेणार कसा? म्हणजे काठी न उगारता तो जाणार. गुरवाकडे पाहून मी मान डोलावली.

कोंडवाडेवाल्यानं थोडा वेळ खाली पाहिलं. मग पाठीमागचे हात पुढे आणले. शपथेच्या बोलण्यात त्याचे हात पुढे आलेले मी कधी पाहिले नव्हते.

"दावं मी वळलेलं होतं. मीच बांधलं होतं. एवढं खरं आहे. द्या."

आणि चंद्रीचं दावं त्यानं आपल्या गळ्यात घातलं.

पोरांनी काठ्या खाली घेतल्या. मी मात्र गप्प बसणारा नव्हतो. म्हटलं, यात काहीतरी डाव आहे. पाड्यापाड्यांतून हिंडायचं, लोकांची दया मिळवायची, मग पुस्तक उघडायचं. मी धर्माला त्याच्या पाळतीवर धाडलं. धर्मा डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांपर्यंत त्याच्या मागं मागं गेला आणि येऊन सांगू लागला. "पाटील, तो काय बोलत नाय. दारात उभा र्‍हातो. दिला तर घेतो, नाय दिला तर वाकून पुढं जातो. एका गावात पोरांनी शेन मारला. त्यानं पुसला आन् चालला." मी विचारलं, "पुस्तक?" "पुस्तक झोपडीत हाय. मी बघून आलो." शेवटी धर्मा म्हणाला, "मना नका धाडू परत. मना बघवत नाय." मी त्याच्यावर ओरडलो.

इकडे आईचं काहीतरी बिनसलं होतं. ती कुणाशी भांडेना. वालाच्या मळ्याकडे फिरकेना. मुसळ उखळाजवळ नव्हतं. ते गोठ्याच्या कोपऱ्यात उभं करून त्यावर पोतं टाकलेलं दिसलं, आणि भात कांडून घ्यायला ती शेजारणीकडे धाडू लागली. ताटातलं तसंच राहायचं. मी वैद्याचा काढा आणून दिला. गावभर संशय घेत फिरणारा मी. घरात संशय कशाला घेईन?

बाहेरची गावं झाल्यावर तो आमच्या गावात फिरला. घरोघर उभा राहिला. हरीतात्यांच्याही. त्यांनी दार लावून घेतलं. सगळ्यात शेवटी तो आमच्या अंगणात आला. मागे बघे होते, हरीतात्याही लांब उभे होते. दिवस चांगला वर आलेला. त्याची दाढी वाढलेली, दावं मानेला काचून तिथं लाल पट्टा पडलेला. मऊ दावं, पण गाईच्या मानेसाठी वळलेलं. तो उभा राहिला. बोलला नाही, कुणाकडे पाहिलं नाही.

आई सुपात तांदूळ घेऊन बाहेर आली. पायरी उतरली. तिथंच थांबली. मला वाटलं, चक्कर आली. मी उठलो. तिनं सूप जमिनीवर ठेवलं, त्याच्यापुढं गेली आणि टाचा उंच करून त्याच्या गळ्यातलं दावं ओढलं.

"सोड. ह्या माजा हाय."

त्यानं दावं धरून ठेवलं. मान हलवली, नाही म्हणून.

"सोड बोलते ना! किती दिस घालून फिरशील?" आणि ती वळून हरीतात्यांना म्हणाली, "हरी, तुजी चंद्री मी मारली रे. वाल खात व्हती. हातात मुसळ व्हता, तो फेकला. मारावाचा मनात नव्हता. गाभण हाय ते ध्यानातच नाय आला. मना कुणी विचारला नाय, आन् मी बोलले नाय."

खरंच होतं. पाटलाच्या आईला कोण भंडारा उचलायला लावणार? कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मुसळाच्या लोखंडी कड्याचा गोल वळ सगळ्या गावानं पाहिला होता, आणि प्रत्येकाच्या घरात मुसळ होतं.

मला काय वाटलं विचाराल तर लाज वाटली आणि राग आला. आईचा नाही, त्याचा. हा गप्प बसून शेवटी माझ्याच दारात येऊन उभा राहिला. सगळ्यांसमक्ष! मी म्हटलं, "आई, घरात चल." तिनं दावं आपल्या गळ्यात घातलं आणि मला म्हणाली, "तू गप ऱ्हा. आज तू पाटील नाय."

आई सगळी गावं पुन्हा फिरली. साठी केव्हाच उलटलेली बाई. मी धुसफुसत मागं मागं, आणि माझ्याही मागं थोडं अंतर ठेवून तो. किन्हवलीच्या वाटेवर ओढ्याची उतरण लागते, तिथं गोट्यांवरून तिचा पाय घसरायला लागला. मी पुढं व्हायच्या आत त्यानं आपली काठी पुढं केली, विटाळ होऊ नये म्हणून एक टोक आपण धरून, दुसरं तिच्याकडे. तिनं काठी धरली, दोन पावलं टाकली, मग काठी सोडून दिली आणि त्याचा हात धरला. ओढा पार होईपर्यंत सोडला नाही. पलीकडे गुरव उभा होता. तो बघून न बघितल्यासारखं करून दुसरीकडे वळला.

शेवटच्या दिवशी हरीतात्यांच्या दारात आई उभी राहिली तेव्हा तात्यांनी दार उघडलं. स्वतः तांदूळ घातले आणि म्हणाले, "काकी, पुरे झाला आता." आई त्या दिवशी पोटभर जेवली. दावं मात्र तिनं टाकू दिलं नाही. ओटीवरच्या खुंटीला अडकवलं.

मी कोंडवाडेवाल्याला गाठलं. "तुला ठाऊक होतं?"

"होय."

"कसं?"

"मायनं वाडगाभर हळद दिली तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं, पाहिलंस का. पाहिलं नव्हतं."

"आणि माझ्या दारात शेवटी का आलास? मुद्दाम?"

त्यानं जरा विचार केला. "तुमचंही घर गावातच आहे, पाटील."  मी हे त्याला पुढं अनेकदा विचारलं. आजही ते उत्तर मला पुरतं पटलेलं नाही.

गंमत म्हणजे आमच्या गावाचा संशय उतरणीला लागला तेव्हा त्याच्या लोकांचा चढला. कल्याणकडून त्यांचे एक पाद्री सायकल दामटत आले. बातमी तिकडे पोचली होती. मोहाखाली त्यांनी त्याला उभं केलं आणि मी, सवयीप्रमाणे, कुडामागे. मुंग्या त्याच होत्या.

"तू गोहत्येचं प्रायश्चित्त घेतलंस? गळ्यात दावं घालून?"

"होय, साहेब."

"तुझा विश्वास आहे त्याच्यावर?"

"नाही."

"मग का घेतलंस?"

"गावाचा विश्वास आहे. गाय माझ्या दाव्याला मेली. कुणीतरी ते घालायला हवं होतं."

 पाद्र्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि सायकल हातात धरून चालतच गेले. पुढं त्यांच्याकडून कधी कुणी आलं नाही. ते रागावून गेले की कसे, मला सांगता येणार नाही.

पुढं काही वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, त्याला खोकला लागला. खोकता खोकता गवताचा भारा हातातून पडायचा. गावात आता भांडणं त्याच्या एका 'नाही'वर मिटू लागली होती. हरीतात्या स्वतः म्हणत, त्याला इचारा, तो बोलल ते खरा. भाऱ्यासाठी मी धर्माला त्याच्या मदतीला दिलं होतं, म्हणजे लक्षही राहील म्हणून. आई परसदारी त्याच्यासाठी पेज ठेवायची. आई बाटली अशीही कुजबुज झाली. आई रोज देवीला दिवा लावत होती आणि त्याला रोज शिव्या घालत होती. दोन्हींत खंड नव्हता.

एका सकाळी तो पेटी घेऊन अंगणात आला. नगरकडे बहिणीकडे निघालो, म्हणाला. कोटात माणूस उरला नव्हता. मी पाहूनच ओळखलं आणि त्यालाही ते ठाऊक होतं. आई ओटीवर बसली होती. तिला तेव्हा नीट दिसत नव्हतं.

"बरा होऊन परत येशील ना रे?"

तो पेटीची कडी चाचपत राहिला.

"माजी शपथ हाय तुला. सांग."

त्यानं पेटी खाली ठेवली. हात पाठीमागे जायला निघाले, मी पाहिले. पण ते अर्ध्यावर थांबले. मग तो वाकला आणि आईच्या पायांजवळ जमिनीला हात लावून म्हणाला, "येतो, माय."

आईला इतका आनंद झाला की शिवी घालायची राहिली. तो गेला त्या वाटेकडे मी बघत राहिलो. त्या तोंडातून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो.

तो आला नाही. पावसाळा गेला, वाल झाले, पुन्हा पेरले. मी सांगायचो, "आई, तो आता येत नाही." ती म्हणायची, "तो येतो बोललाय. तो खोटा बोलत नाय. तुज्या रेड्याचा पन नाय बोलला."  ओटीवरची खुंटी तिच्या अंथरुणासमोर होती. ती दाव्याकडे तोंड करून निजायची.

ती गेली त्या दुपारी घरात मी एकटाच तिच्याजवळ होतो. अंगणात ते लंगडं कुत्रं निजलं होतं, तेही म्हातारं झालेलं. मध्येच ते उठलं, शेपूट हलवली आणि फाटकाकडे बघत राहिलं. आईनं डोळे उघडले.

"कोन आला रे? तो आला काय?"

मी दाराकडे पाहिलं. अंगणात ऊन होतं. माणूस कुणी नव्हतं.

"बोल ना. होय का नाय?"

जन्मभर मी वाटेल त्या शपथा वाहिल्या होत्या, कचेरीत आणि बाजारात. त्या दुपारी साध्या दोन शब्दांतला एक मला चटकन निवडता येईना.

"होय," मी म्हणालो.

"बस बोल त्याला," आई म्हणाली. मग काही बोलली नाही.

दावं अजून खुंटीला आहे. 'येतो' बोलताना त्यानं मनात काय धरलं होतं, आणि त्या दुपारी मी म्हाताऱ्या आईशी खोटं बोललो की खरं, याचा मला अजून संशय आहे.